रुखवतातला समुद्र

ति. ठमाबाय,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, उजव्याला थोडा जास्त, कळव्याहून धाकट्या आवडाचा नमस्कार. इकडे आम्ही होतो तसेच आहोत. म्हणजे महिपतची साखर वर, माझी कंबर खाली आणि मधलं सगळं ठीक. तुझी म्हैस व्यायली का, खडवलीची नदी यंदा कुठवर आली, आणि तुझ्या सुनेने माझं बोंबलाचं लोणचं खाल्लं की नुसतीच नावं ठेवली, ते सवडीने कळव. तू म्हणशील, आवडाला काय झालं, फोन सोडून कागद घेऊन बसली. बाय, तुझा फोन तुझी सून स्पीकरवर लावते, आणि मी इकडून बोलायला लागले की तिकडे भांडी घासायचा आवाज बंद होतो. म्हणून पत्र. काळुराम भाजीचा टेम्पो घेऊन येईल त्याच्या हाती देणार आहे. त्यालाही वाचता येतं, म्हणून पाकीट भाताची शितं लावून चारही बाजूंनी चिकटवते. अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर मी बँकेतल्या सहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही, आणि सहीसुद्धा त्या लोकांना दर वेळी वेगळी वाटते.

माझ्या नातवाच्या, विकीच्या हळदीला तू आलीस, नाचलीस, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला तुझ्याच्याने उठवेना. त्यामुळे रुखवत बघायचं तुझं राहिलं. आपल्या वेळी रुखवतात काय असायचं? पापड, करंज्या, विणलेलं तोरण, फार झालं तर कापसाचा हंस. नवरीचा, म्हणजे कल्पिताचा बाप देवराम (त्याचं डोंबिवलीला माशांचं दुकान आहे, खायच्या नव्हे, बघायच्या) त्याने पोरीच्या रुखवतात समुद्र दिला. खोटं नाही सांगत. लग्नाच्या हॉलवर नुसता फोटो मांडून त्याच्यासमोर नारळ ठेवला होता. आपल्याकडच्या बायकांना वाटलं, पोरीला मालवणकडे जमीन दिली. मग चार दिवसांनी टेम्पो आला. माझ्या पलंगाएवढी काचेची टाकी, पिंपात भरलेलं पाणी, पिशवीत मासे आणि डब्यात पोवळी. पोवळं म्हणजे आपल्या बापाच्या अंगठीत होतं ते नव्हे, जिवंत. फांद्या फुटतात, फुलतं, मिटतं, वाऱ्यावर डोलल्यासारखं पाण्यात डोलतं. कल्पिताने कॉलेजात असल्यापासून ती वाढवलीत. एक हिरवं फांद्याफांद्यांचं आहे, ते बोटाच्या पेराएवढं असताना तिने आणलेलं. आता नारळाच्या करवंटीएवढं झालंय. नवऱ्याकडे बघत नसेल इतकी त्याच्याकडे बघते.

आता ही टाकी ठेवायची कुठे? हॉलच्या खिडकीपाशी माझा पलंग होता. तिथून मला खाली गेट दिसायचं, कोण कुणाकडे जातंय, कुणाकडे पार्सल येतंय, सगळं. मी देवळात गेलेले, तेवढ्यात सरोजने पलंग उचलून आतल्या खोलीत नेला आणि तिथे समुद्र बसवला. विचारलंन् नाही, सांगितलंन् नाही. आतल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? शेजारच्या टॉवरचा पाइप. त्या दिवसापासून मी माझ्या सुनेशी अबोला धरला. तिनेही धरला. तिचा कशासाठी होता ते मला माहीत नाही, बहुतेक माझा होता म्हणून. घर चाललंच होतं. महिपत आई आणि बायकोच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा, तो नसला तर आम्ही माशांना सांगायचो. ती टाकीसमोर उभी राहून म्हणायची, "बघा रे, कुणाला चहा हवा असेल तर झालाय." मी म्हणायचे, "माशांनो, साखर कुणी घातली की नाही तेवढं विचारा."

त्या टाकीचं एक एक ऐकशील तर तुझे गुडघे दुखायचे थांबतील. ती पोरं गोडं पाणी गाळून घेतात (पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वच्छ, आपण पितो ते माशांना चालत नाही), मग बादलीभर मीठ विकत आणतात, त्यात मोजून कालवतात, आणि त्याला समुद्र म्हणतात. बाय, आपला बाप जन्मभर खाडीचं पाणी आटवून मीठ काढत राहिला आणि त्याच्या पणतवाची बायको मीठ विरघळवून खाडी करते. उलटा धंदा. मी एकदा त्या पाण्यात बोट घालून चाखलं आणि म्हटलं, बरोबर आहे. कल्पिताने यंत्राने बघितलं आणि म्हणाली, आजी, कमी आहे. त्या यंत्राने मिठागर बघितलं तरी आहे का? पण ऐकते कोण. तिने आणखी मूठभर घातलं, आणि पोवळी फुलली. मी म्हटलं, योगायोग.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. ही पोवळी पाण्यातला चुना खाऊन स्वतःची हाडं बांधतात. मासे परवडले, दाणे टाकले की गप्प. यांना रोज चुना लागतो, आणि नुसता चुना चालत नाही, त्याच्या जोडीला सोडा लागतो. दोन बाटल्या आहेत. लाल टोपणाची कॅल्शियमची, निळ्या टोपणाची अल्कलिनिटीची. ते दुसरं नाव माझ्या कवळीतून नीट बाहेर पडत नाही, म्हणून मी तिला अल्का म्हणते. कॅल्शियम चारशे वीसच्या आसपास, अल्का आठच्या आसपास, आणि कल्पिताचं म्हणणं असं की आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण आज वर उद्या खाली असं करायचं नाही. पोवळ्यांना धक्का बसतो. आणि दोघींना एका वेळी पाण्यात घालायचं नाही, त्या पाण्यातच एकमेकींना धरतात आणि दोघी वाया जातात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. हे मला एकदाच सांगितल्यावर समजलं. एका घरात दोन बाया कशा ठेवायच्या ते मला नव्याने शिकवायला नको.

मग आखाड लागला. नव्या सुनेने पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही, म्हणून कल्पिता डोंबिवलीला माहेरी गेली. (मी आणि सरोज एकमेकींचं तोंड बघत नव्हतो त्याला कुठला महिना लागला नाही, पण ते असो.) जाताना तिचे डोळे भरले. मला वाटलं, विकीसाठी. ती टाकीला हात लावून उभी होती. आणि विकी तर दर शनिवारी सासुरवाडीला जाऊन आठवड्याचं जेवून येतो, त्याच्यासाठी रडायचं कारणही नाही. मला म्हणाली, आजी, हे तुमच्या भरवशावर. श्रावण लागला की बाबा मला सोडायला येतील, ते आधी टाकी बघतील. आलं ना ध्यानात? ती टाकी रुखवतातली. पोवळी मेली तर देवराम हॉलमध्ये उभा राहून चहा पिताना काही बोलणार नाही, आणि डोंबिवलीला पोहोचेपर्यंत साऱ्या भावकीत होईल की कळव्याच्या लोकांनी पोरीचं रुखवत एक महिना सांभाळलं नाही. आणि त्या पोरीचं ते हिरवं. मी काही माया लावणारी बाई नाही, तुला माहीत आहे, पण करवंटीएवढं होईपर्यंत कुणी काही वाढवलं असेल तर ते आपल्या हातून मरू नये.

आता कल्पिता हुशार. तिला आमचा अबोला ठाऊक. तिने मला वेगळं सांगितलं, सरोजला वेगळं सांगितलं. सरोजला म्हणाली, आई, आजी घालतीलच, पण वयामुळे विसरल्या तर तुम्ही घाला. मला म्हणाली, आजी, तुम्हाला बरं नसलं तर आई घालतील. कुणाचंही मन दुखवलं नाही. पण बाय, आमच्यासारख्या घरात हे चालत नाही. मी विसरले की नाही हे सरोजला कसं कळणार? विचारावं लागेल. विचारायचं तर बोलावं लागेल. बोलण्यापेक्षा घातलेलं बरं. मी सकाळी लाल बाटलीचं टोपण भरून ओतायचे आणि पूजेला बसायचे. सरोज बघायची, म्हातारी डोळे मिटून बसली आहे, विसरली असणार, आणि तीही लाल टोपण ओतायची. संध्याकाळी तेच निळ्याचं. म्हणजे त्या बिचाऱ्या पोवळ्यांना दिवसाला दोन घरची जेवणं. मी म्हणतेय बाटल्या भराभर का संपतायत. मला वाटलं, कंपनीवाले हल्ली कमी भरतात.

तपासायची एक पेटी आहे. बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकत जायचं आणि मोजायचं. पाणी निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितकी अल्का. मी एकटीने बसून केलं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मला जरा जास्तच निळं दिसतं, तरी बारा थेंब मोजले. आठाचे बारा. मी हादरले. मुकाट्याने बाटल्या बंद केल्या. तिकडे सरोजने गुपचूप स्वयंपाकघरात बसून तेच केलं, तीही हादरली, तिनेही बंद केलं. आता दोघींची जेवणं बंद. पोवळी उपाशी. आठवड्याने मी पुन्हा मोजते तर सहा. हिरव्याच्या फांद्यांची टोकं पांढरी पडलेली, केसांची मुळं पिकतात ना, तशी. मोठं हातोड्यासारखं पोवळं होतं, ते आत ओढून घेतलेलं, रुसलेल्या माणसाने पांघरुणात तोंड घालावं तसं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. (भाकरी खाल्ली, भात नाही गेला.)

सकाळी उठून चहाच्या आधी मी लाल बाटलीची दोन टोपणं ओतली आणि अंघोळीला गेले. मी न्हाणीचं दार लावते न लावते तोच सरोज आतून आली. तिलाही रात्रभर तीच काळजी, आणि कुणी बघायच्या आत उरकायचं म्हणून तिने निळ्याची दोन टोपणं एकदम ओतली. मी केसांना पंचा गुंडाळून बाहेर येते तर टाकीत ताक. काही दिसेना. मासा काचेपाशी आला की दिसायचा आणि पुन्हा ताकात जायचा. मला वाटलं, हे माझं काम. सरोजला वाटलं, तिचं. मी पलंगावरची चादर आणून टाकीवर घालू लागले तर चादरीचं दुसरं टोक तिने धरलेलं. दोघी दोन टोकांना उभ्या.

इतक्यात विकी दात घासत बाहेर आला. फेसाच्या तोंडाने विचारतो, काय झालं टाकीला? आणि बाय, तुला शपथेवर सांगते, आम्ही दोघी एका तालात बोललो, "लाईटमुळे दिसतंय तसं." नंतर सरोज म्हणाली, "अंधारात शांत राहतात." मी म्हटलं, "डॉक्टर लोकही सांगतात." कुठला डॉक्टर, कुणाला सांगतो, देव जाणे. विकी बरं म्हणून कामाला गेला. त्या पोराला आपली आई आणि आजी एकमेकींच्या वाक्याला वाक्य जोडतायत यातच काहीतरी बिघडलंय हे कळायला हवं होतं. पण तो बापावर गेलाय.

दार लागल्यावर सरोज टाकीतल्या (म्हणजे ताकातल्या) माशांना म्हणाली, "सकाळी कुणीतरी लाल घातलं वाटतं." मी माशांना म्हटलं, "एकटं लाल घातलं तर दूध होत नाही, कुणीतरी निळंही घातलं असणार." ती म्हणाली, "कुणी विसरेल म्हणून घालत होते रोज." मी म्हटलं, "कुणी विसरत नाही, कुणी डोळे मिटून पूजा करतं." मासे कुणाचं ऐकणार? तेवढ्यात पाणी फिरवणारा पंप घरघर करून बंद पडला. त्याच्यावर मुतखड्यासारखा पांढरा थर बसलेला. तेव्हा सरोजने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हे मरतील."

पुढचं सगळं धावपळीचं. पंप काढून व्हिनेगरात टाकला, थर फेस होऊन गेला. ताजं पाणी गाळून बादल्यांत मीठ कालवलं. सरोज यंत्र धरून आकडा वाचायची, मी ढवळायचे. ती म्हणाली, "अजून थोडं." मी चाखून म्हटलं, पुरे. ती म्हणाली, "आई, यंत्राचं ऐकू या ना आजच्या दिवस." मी ऐकलं. आजच्या दिवस. जुनं पाणी नळीने काढलं, नवं घातलं, हॉलभर चिखल. पाणी निवळल्यावर अल्का मोजायची तर पंचाईत. मला रंग नीट कळत नाही, आणि सरोजला थेंब मोजता येत नाहीत, मोजताना ती बोलते आणि आकडा चुकते. मग मी थेंब टाकायचे आणि मोजायचे, आणि रंग पालटला की तिने सांगायचं, थांबा. आता बाटलीपाशी बसून माशांना थांबा सांगून चालत नाही. मलाच सांगावं लागतं. ती म्हणाली, "थांबा, आई." सात थेंब. पुन्हा केलं. "थांबा, आई." सात. मी म्हटलं, बरं, सातवरून हळूहळू चढू.

तेव्हापासून लाल टोपण सकाळी माझ्या हाताने, निळं संध्याकाळी तिच्या हाताने. घालणारीने दुसरीला मोठ्याने सांगायचं, "घातलं." ऐकणारीने म्हणायचं, "बरं." कल्पिताचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा सरोज फोन अशा कोनात धरते की हिरव्याची चांगली बाजू दिसेल, आणि मी मध्येच माझी कंबर सांगायला घेते, म्हणजे पोरीचं लक्ष जातं. आता ती टोकं पुन्हा हिरवी व्हायला लागलीत. हातोडा बाहेर आला. एक लहानसं पोवळं गेलं, ते सरोजने कुंडीत पुरलं. मी म्हटलं, कुंडीत कशाला, कचऱ्यात टाक. ती म्हणाली, असू दे. अल्का आठवर टेकली आहे, कॅल्शियम चारशे वीस. कल्पिता म्हणाली होती, आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. पण पाण्याचा काय भरवसा? आम्ही रोज संध्याकाळी चहा झाल्यावर बसतो. थेंब टाकायला वेळ लागत नाही. नंतर मी तिथेच टाकीशेजारी खुर्ची टाकून बसते. टाकी आडवी आली तरी बाजूने गेट दिसतं. सरोजला सांगते, बघ, पाचव्या मजल्यावालीकडे पुन्हा पार्सल. ती म्हणते, "तिचा नवरा दुबईला आहे ना, करमत नसेल." मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी खिडकीतून बघत होते आणि ही मला सांगत नव्हती, बघ किती आतल्या गाठीची.

बाकी सगळं खुशाल. पत्र नुसतं खुशाली कळवायला लिहिलं, काम काही नाही. म्हशीची काळजी घे. गुडघ्याला निर्गुडीचा पाला लाव, सुनेला लावायला सांग, नाहीतरी कान लावून ऐकताना तिचे हात रिकामेच असतात.

तुझी धाकटी,
आवडा

ता.क. एक लहानसं काम आहे. आखाड संपत आला, देवराम पोरीला घेऊन येईल. तू आपल्या घरात सगळ्यांत थोरली, कल्पिताची आई तुझ्या शब्दाबाहेर नाही. तिला फोन करून सांग की आपल्यात नव्या सुनेने पहिल्या वर्षी आखाडासोबत अर्धा श्रावणही माहेरी राहायची पद्धत आहे. अशी पद्धत नाही हे मला माहीत आहे. कारण विचारू नकोस. पोरगी आली की बाटल्या ती घेणार, मोजणार तीच, मग आम्ही दोघींनी कशाला बसायचं? आणि पाणी अजून नीट बसलेलं नाही, एवढंच सांग. विकीचं मी बघते. त्याला शनिवारसोबत बुधवारही देऊ.

ता.क. दुसरा. पत्र बंद करायला भात आणायला गेले तेवढ्यात सरोजने हे वाचलं. मी म्हटलं, दुसऱ्याचं पत्र वाचतात का? ती म्हणाली, उघडं होतं. मग डोळ्याला पदर लावून बाल्कनीत गेली आणि परत येऊन म्हणते, आई, अर्ध्या श्रावणाने काय होतंय, मावशींना लिहा, गौरी जेवून जाईपर्यंत. मी म्हटलं, अगं, एवढी लांबलचक पद्धत डोंबिवलीवाले मानतील का? तर म्हणाली, मानतील, मावशींच्या तोंडून आली की मानतील, आपल्यातल्या निम्म्या पद्धती त्यांनीच तर घातल्यात. तेव्हा गौरीपर्यंत सांग.